शेजारच्या खोलीतला प्रिंटर

मुळशी तालुक्यातील हिंजवडी आणि माण या गावांच्या जमिनीवर राजीव गांधी इन्फोटेक पार्क उभे राहिल्यापासून या तालुक्याच्या पूर्व भागाचा संगणकाशी पोटापाण्याचा संबंध जडला, आणि २०२० च्या मार्चमधील टाळेबंदीने कार्यालयाचे काम घरात आणून ठेवल्यावर तो संबंध घोटवडे, रिहे यांसारख्या खोऱ्यातील गावांपर्यंतही जाऊन पोहोचला. अशा गावातील एखाद्या घरात आज कंपनीने दिलेला विंडोजचा लॅपटॉप, पदरच्या पैशाने घेतलेले मॅकबुक, मुलांच्या अभ्यासासाठी आणलेला अँड्रॉइड टॅब, घरातील माणसांइतके फोन आणि जुना झाला म्हणून बाजूला पडलेल्या संगणकावर कोणीतरी हौसेने बसवलेले लिनक्स, एवढे सगळे एकत्र नांदताना आढळू शकते. यांतील जवळजवळ प्रत्येक यंत्राची कार्यप्रणाली, म्हणजे यंत्राचे भाग, त्यातील फाइली आणि वापरणारा माणूस यांच्यामध्ये राहून सगळा कारभार पाहणारे मूळ सॉफ्टवेअर, निराळी असते. प्रिंटर मात्र एकच असतो आणि तो बहुधा नको त्या खोलीत असतो.

फोनवर उतरवून घेतलेला सातबारा छापायचा झाला, तर अशा घरात सर्रास अवलंबला जाणारा मार्ग म्हणजे ती फाइल व्हॉट्सॲपवर स्वतःलाच पाठवणे, मग ती संगणकावर उघडणे, आणि प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला आहे तो दुसराच असेल, तर पेन ड्राइव्ह शोधायला उठणे. या प्रवासात दहा पावलांवर जायची फाइल आधी परगावच्या किंवा परदेशातील एखाद्या सर्व्हरवर जाते आणि तेथून पुन्हा घरी येते. इंटरनेट सुरळीत असेल, तर हा वळसा कोणाच्या लक्षातही येत नाही. परंतु पावसाळ्यात कुठेतरी फायबरची तार तुटली, की घरातल्या घरात कागद छापणेही बंद पडते, आणि त्यास खरे तर काहीच कारण नसते. इंटरनेट आणि घरातील नेटवर्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिले बंद पडले तरी राउटरला वीज मिळत आहे तोवर दुसरे चालूच राहते, आणि फाइल किंवा प्रिंटर यांची घरगुती देवाणघेवाण सर्वस्वी या दुसऱ्यावरच होऊ शकते.

राउटर म्हणजे बाहेरून आलेली इंटरनेटची एक जोडणी घरातील अनेक यंत्रांना वाटून देणारी पेटी, ही समजूत बरोबर असली तरी अपुरी आहे, कारण तीच पेटी घरातील प्रत्येक यंत्राला एक क्रमांक देते आणि त्या क्रमांकांच्या आधारे यंत्रांना आपापसात बोलू देते. हे क्रमांक बहुधा १९२.१६८ ने सुरू होतात. केवळ खासगी नेटवर्कांसाठी राखून ठेवलेल्या अशा तीन क्रमांकमालिका १९९६ च्या एका इंटरनेट मानकाने निश्चित केल्या आहेत, आणि त्यांपैकी एकही क्रमांक बाहेरच्या इंटरनेटवर चालत नसल्यामुळे जगातील कोट्यवधी घरांत तेच ते क्रमांक असूनही कोणाचा कोणाशी घोळ होत नाही. गाव-खेड्यांतील ऐसपैस घरांत मात्र येथेच पहिली अडचण उभी राहते. फायबर जोडणी देणारा जी पेटी बसवून जातो तिच्यात स्वतःचा वायफाय असतो. त्याची पोच माडीवर किंवा मागच्या पडवीपर्यंत जात नाही म्हणून घरमालक बाजारातून दुसरा राउटर आणून तिला जोडतो. आणि तो दुसरा राउटर आपल्या ताब्यातील यंत्रांना स्वतंत्र क्रमांकमालिका वाटू लागतो. अशा वेळी दोन्हीकडे इंटरनेट उत्तम चालते, परंतु माडीवरचा लॅपटॉप आणि खालचा प्रिंटर दोन वेगळ्या नेटवर्कांत राहत असल्यामुळे त्यांना एकमेकांचा पत्ता लागत नाही. दुसऱ्या राउटरला त्याच्या सेटिंगमध्ये ‘ॲक्सेस पॉइंट’ म्हणून, म्हणजे क्रमांक न वाटता केवळ वायफाय पुढे पसरवणारे यंत्र म्हणून, काम करण्यास सांगितले की हा दुरावा मिटतो. पाहुण्यांसाठीचा वेगळा ‘गेस्ट’ वायफायही असाच दुरावा निर्माण करतो. त्यावरील यंत्रे एकमेकांपासून आणि घरातील इतर यंत्रांपासून मुद्दामच तोडून ठेवलेली असतात.

एवढे जमले तरी भिन्न कार्यप्रणालींचा प्रश्न उरतोच. पीडीएफ किंवा छायाचित्र विंडोजवर तयार झाले म्हणून मॅकवर उघडत नाही असे आता सहसा घडत नाही; अडचण फाइल वाचण्यात नसून ती मागण्यात असते. फाइल मागताना कोणत्या क्रमाने काय विचारायचे आणि समोरच्याने त्यास कसे उत्तर द्यायचे, या ठरलेल्या नियमांना प्रोटोकॉल म्हणतात, आणि १९८० च्या दशकात प्रत्येक कंपनीने आपापला प्रोटोकॉल घडवला. सन मायक्रोसिस्टिम्सने युनिक्सच्या जगासाठी एनएफएस काढला, ॲपलने मॅकिंटॉशसाठी एएफपी, आणि आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी रचलेला ‘सर्व्हर मेसेज ब्लॉक’ अर्थात एसएमबी हा प्रोटोकॉल पुढे मायक्रोसॉफ्टने उचलून वाढवला. १९९२ च्या ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’पासून तो सामान्य कार्यालयांत शिरला आणि विंडोज जसजशी पसरली तसतसा तोही पसरला. त्याचे सविस्तर नियम मात्र बाहेरच्यांना पुरते उपलब्ध नव्हते, त्यामुळे विंडोजशी बोलायचे तर विंडोजच हवी अशी परिस्थिती निर्माण झाली.

ही कोंडी कॅनबेरातील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत पीएच.डी. करणाऱ्या अँड्र्यू ट्रिजेल या विद्यार्थ्याने फोडली, आणि तीही विंडोजचा विचार डोक्यात नसताना. १९९१ च्या अखेरीस त्यांना आपल्या टेबलावरील पीसीतून विद्यापीठाच्या युनिक्स संगणकावरील फाइली हव्या होत्या. पीसीवर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनचे सॉफ्टवेअर होते, आणि ते कोणत्या भाषेत बोलते याची कागदपत्रे हाताशी नव्हती. तेव्हा त्यांनी तारेवरून जाणारे संदेश टिपून घेतले, कोणत्या प्रश्नाला कोणते उत्तर येते हे पाहिले, आणि तसेच उत्तर देणारा सर्व्हर स्वतः लिहिला. फ्रेंच न येणाऱ्या माणसाने कॅफेत बसून गिऱ्हाइकाने काय मागितले आणि वेटरने काय आणले हे पाहत पाहत ती भाषा शिकावी, तशी ही रीत असल्याचे त्यांनीच पुढे समजावून सांगितले आहे. १९९२ च्या जानेवारीत त्यांनी तो प्रोग्रॅम सर्वांसाठी खुला केला. आपण शिकलो ती भाषा एसएमबीच होती आणि त्यामुळे हा सर्व्हर मायक्रोसॉफ्टच्या यंत्रांशीही बोलू शकतो, हे त्यांच्या नंतर लक्षात आले. सर्व्हरच्या आधीच्या नावाबाबत हरकत आल्यावर त्यांनी संगणकातील शब्दसूचीत एस, एम आणि बी ही अक्षरे याच क्रमाने येणारे शब्द शोधले, आणि निघालेल्या शब्दांतून ‘सांबा’ निवडला. लिनक्सवर चालणारा घरगुती फाइल-सर्व्हर आणि नेटवर्कला जोडायच्या साठवणीच्या बहुतेक पेट्या यांच्या पोटात आज हाच सांबा असतो.

निरीक्षणाने शिकलेल्या भाषेला मर्यादा होत्या, कारण मायक्रोसॉफ्ट दर नव्या आवृत्तीत तिच्यात भर घालत असे आणि सांबाच्या मंडळींना ती नव्याने उलगडावी लागे. युरोपियन कमिशनने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्टला ४९.७ कोटी युरोंचा दंड केला तेव्हा विंडोजशी जुळवून घेण्यास लागणारी माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेशही त्यात होता. १७ सप्टेंबर २००७ रोजी युरोपीय न्यायालयाने तो निर्णय उचलून धरला. आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात सांबाच्या वतीने काम करणाऱ्या एका ना-नफा संस्थेने एकदाच १०,००० युरो भरून ती कागदपत्रे मिळवली. कोट्यवधींच्या दंडाच्या प्रकरणाचा हा शेवट दहा हजारांत झाला, यातील विनोद बाजूला ठेवला तरी त्याचा परिणाम मोठा आहे: विंडोजची भाषा आता केवळ निरीक्षणावरून नव्हे, तर कागदपत्रांवरूनही शिकता येऊ लागली. पुढे ॲपलनेही मॅकच्या कार्यप्रणालीच्या २०१३ मधील मॅव्हरिक्स आवृत्तीपासून स्वतःचा एएफपी मागे ठेवून फाइल-वाटपासाठी एसएमबीलाच पहिला मान दिला, आणि आयफोनच्या ‘फाइल्स’ ॲपमध्ये २०१९ पासून एसएमबीची सोय आली. घरातील यंत्रांची बोलीभाषा कोणती, हा वाद अशा रीतीने संपलेला आहे.

तरीही एका यंत्राला दुसरे ‘दिसत नाही’ ही तक्रार कायम आहे, आणि तिचे कारण असे की दिसणे आणि उघडणे ही दोन निरनिराळी कामे निरनिराळे प्रोटोकॉल करतात. ॲपलने २००२ मध्ये आणलेली, आज बाँजूर या नावाने ओळखली जाणारी पद्धत ‘अमुक नावाचे यंत्र कोणते?’ असा प्रश्न संपूर्ण नेटवर्कला एकदम विचारते आणि ज्याचे ते नाव असेल तो उत्तर देतो. लिनक्सवर हेच काम अवाही नावाचा प्रोग्रॅम करतो. विंडोजचे शेजारी शोधण्याचे तंत्र पूर्वी नेटबायोस या जुन्या व्यवस्थेवर चालत असे व आता बहुतांशी वेगळ्याच पद्धतीने चालते, आणि ती नवी पद्धत सांबाला स्वतःहून येत नसल्यामुळे लिनक्सचा सर्व्हर धडधाकट असूनही विंडोजच्या ‘नेटवर्क’ या खिडकीत उमटत नाही. अशा वेळी यादीची वाट पाहत बसण्यात अर्थ नसतो. विंडोजच्या पत्त्याच्या पट्टीत दोन उलट्या तिरप्या रेघांपुढे त्या यंत्राचा क्रमांक लिहिला, किंवा मॅकवर ‘कनेक्ट टू सर्व्हर’मध्ये एसएमबीचा पत्ता दिला, की दार बहुधा लगेच उघडते. क्रमांक बदलत राहू नये म्हणून राउटरमध्ये तो त्या यंत्रासाठी राखून ठेवता येतो. प्रिंटरच्या बाबतीत तर ही पाच मिनिटांची तसदी पुढची कित्येक वर्षांची चिडचिड वाचवते.

दार उघडल्यावर प्रश्न येतो तो कोणाला आत घ्यायचे याचा. वाटलेल्या फोल्डरवर विंडोजमध्ये दोन पहारे असतात, एक नेटवर्कवरून येणाऱ्यांसाठी आणि दुसरा डिस्कवरील त्या फोल्डरचा मूळचा, आणि दोहोंपैकी जो अधिक कडक असेल त्याचे चालते; म्हणून एकीकडे ‘सर्वांना मुभा’ देऊनही ‘प्रवेश नाही’ असे उत्तर मिळू शकते. दुसरी ठेच पिनची आहे. विंडोज सुरू करताना दिला जाणारा चार-सहा आकड्यांचा पिन केवळ त्याच यंत्रापुरता असतो आणि नेटवर्कवरून येणाऱ्याला तो चालत नाही, तेथे खात्याचा खरा पासवर्डच लागतो. आणि रोज पिन वापरणाऱ्या माणसाला तो पासवर्ड आठवत नाही, हे ओघाने आलेच. फाइल-वाटपासाठी यंत्रावर एक स्वतंत्र स्थानिक खाते उघडून त्याचे नाव रोमन लिपीत, छोट्या अक्षरांत आणि मोकळी जागा न सोडता ठेवणे हा त्यावरील साधा तोडगा आहे.

पासवर्डच नको, घरातच तर वापरायचे आहे, असा विचार पूर्वी चालून जात असे. तो का चालेनासा झाला, याचे उत्तर २०१७ मध्ये आहे. त्या वर्षी १२ मे रोजी ‘वॉनाक्राय’ या खंडणीखोर सॉफ्टवेअरने एसएमबीच्या पहिल्या, म्हणजे सर्वांत जुन्या आवृत्तीतील त्रुटीचा फायदा घेऊन ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेसह जगभरातील संगणकांतील फाइली कुलूपबंद केल्या. मायक्रोसॉफ्टने त्या त्रुटीवरील दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण ती सर्वत्र बसवली गेली नव्हती. त्यानंतर २७ जून रोजी पसरलेल्या ‘नॉटपेट्या’ या दुसऱ्या घातक सॉफ्टवेअरने हीच त्रुटी आणि चोरलेले पासवर्ड अशी दोन्ही शस्त्रे वापरली, आणि त्याचा तडाखा मर्स्क या जहाज कंपनीला बसला तेव्हा रायगड जिल्ह्यातील न्हावाशेवाच्या जवाहरलाल नेहरू बंदरातील, त्याच उद्योगसमूहाकडून चालवल्या जाणाऱ्या गेटवे टर्मिनल्स इंडिया या टर्मिनलचे कामकाज कोलमडले आणि कंटेनर खोळंबले. घरातील दोन संगणक ज्या प्रोटोकॉलने एकमेकांना लग्नाचे फोटो देतात, त्याच प्रोटोकॉलच्या जुन्या रूपातील त्रुटी वापरणाऱ्या सॉफ्टवेअरने कोकणच्या किनाऱ्यावरील एक मोठे टर्मिनल अडवले होते, ही गोष्ट सहज विसरण्यासारखी नाही.

या घटनांच्या वर्षातच, २०१७ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या विंडोज १० च्या आवृत्तीपासून एसएमबीची पहिली आवृत्ती आपोआप बसवली जाणे बंद झाले, आणि २०२४ च्या विंडोज ११ च्या आवृत्तीने व्यावसायिक संस्करणांत पासवर्डाविना येणाऱ्या पाहुण्याला नाकारणे व प्रत्येक संदेशावर ‘सही’ मागणे, म्हणजे तो वाटेत बदललेला नाही याची खूण तपासणे, हे नेहमीचे धोरण केले. त्यामुळे दहा-बारा वर्षांपूर्वी घेतलेली साठवणीची पेटी एखाद्या अपडेटनंतर अचानक उघडेनाशी होते, तेव्हा बिघाड पेटीत झालेला नसतो. तिची बोली जुनी पडलेली असते. पेटीचे सॉफ्टवेअर अद्ययावत करता आले तर उत्तम. नसल्यास त्या पेटीसाठी विंडोजमधील जुनी आवृत्ती पुन्हा चालू करण्याचा सल्ला ठिकठिकाणी मिळतो, आणि तो न मानलेला बरा.

मराठी वापरकर्त्याला आणखी एका बाबीकडे लक्ष द्यावे लागते, जिचा उल्लेख इंग्रजी मार्गदर्शक पुस्तिकांत सापडणे कठीण आहे, आणि ती म्हणजे देवनागरीतील फाइलींची नावे. एका दृष्टीने देवनागरी सोयीची आहे, कारण लिनक्स मोठे आणि छोटे रोमन अक्षर वेगळे मानते व विंडोज मानत नाही, त्यातून होणारे घोळ अशी दोन रूपेच नसलेल्या लिपीत उद्भवत नाहीत. पण ‘शेतकऱ्यांची यादी’ किंवा ‘रिहे खोऱ्याचा नकाशा’ अशी नावे दिली की वेगळी गुंतागुंत सुरू होते. युनिकोडमध्ये, म्हणजे जगातील लिप्यांच्या अक्षरांना क्रमांक देणाऱ्या सर्वमान्य पद्धतीत, ‘ऱ’ हे अक्षर स्वतंत्र एका क्रमांकाने लिहिता येते, किंवा साधा ‘र’ आणि त्याखालील नुक्ता अशा दोन क्रमांकांनीही. शिवाय जुन्या सवयीचे काही टंकलेखक ‘र’ला हलन्त देऊन त्यापुढे डोळ्यांना न दिसणारे एक जोडचिन्ह घालतात. तिन्हींचे पडद्यावरील रूप बहुधा सारखेच दिसते. मॅकच्या जुन्या फाइल-व्यवस्थेत नाव साठवताना पहिले रूप आपोआप दुसऱ्यात फोडले जात असे, विंडोज जसे दिले तसे ठेवते, आणि लिनक्सची रूढ फाइल-व्यवस्था तर नावाकडे निव्वळ बाइटांची मालिका म्हणून पाहते. परिणामी मॅकवरून आलेली आणि विंडोजवरून आलेली ‘शेतकऱ्यांची यादी’ सामाईक फोल्डरमध्ये एकमेकींशेजारी, डोळ्यांना तंतोतंत सारख्या, तरीही दोन स्वतंत्र फाइली म्हणून नांदू शकतात, आणि कोणती ताजी हे फक्त तारखेवरून कळते.

नावाच्या लांबीचेही तसेच आहे. विंडोजच्या फाइल-व्यवस्थेत नावाला २५५ चिन्हांची मुभा असते, तर लिनक्सच्या रूढ व्यवस्थेत २५५ बाइटांची. रोमन अक्षराला एक बाइट पुरत असल्याने इंग्रजी नावांत हा फरक कधी जाणवत नाही, पण देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात आणि काना, मात्रा, वेलांटी, हलन्त ही सगळी वेगवेगळी चिन्हे म्हणून मोजली जात असल्यामुळे मर्यादा ८५ चिन्हांवर येते. सरकारी परिपत्रकाचा संपूर्ण विषय हेच फाइलीचे नाव ठेवण्याची ज्यांना सवय आहे, त्यांची फाइल विंडोजवर व्यवस्थित नांदते आणि लिनक्सच्या साठवण-पेटीत जाताना अडते.

फाइल पोहोचली तरी ती वाचता येईलच असे नाही, हा अनुभव मराठीला नवा नाही. पुण्यातील मॉड्युलर इन्फोटेकची श्रीलिपी किंवा सी-डॅकची आयएसएम यांच्या युनिकोडपूर्व फॉन्टांत लिहिलेला मजकूर प्रत्यक्षात रोमन व इतर चिन्हांच्या जागांवर साठवलेला असतो, आणि तो विशिष्ट फॉन्ट ज्या यंत्रावर नाही तेथे त्याचा निरर्थक अक्षरसमूह होतो. युनिकोडने हे दुखणे बहुतांशी दूर केले, तरी विंडोजवर र. कृ. जोशी यांनी घडवलेल्या मंगल फॉन्टात दोन पानांत बसवलेला अर्ज मॅकवर किंवा लिनक्सवर दुसऱ्या फॉन्टात उघडल्यावर तिसऱ्या पानावर वाहून जातोच. म्हणून छापायची वस्तू दुसऱ्या यंत्राकडे देताना फॉन्ट आत बांधून पीडीएफ करून देणे हीच शहाणपणाची रीत आहे.

आता प्रिंटर. फाइलींच्या बाबतीत सगळ्यांनी अखेर एक भाषा मान्य केली, पण प्रिंटरच्या बाबतीत भाषांची संख्या दीर्घकाळ वाढतच गेली. ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट आणि एचपीची पीसीएल या दोन भाषांत छापायच्या पानाचे वर्णन प्रिंटरला पाठवले जाई आणि प्रिंटर स्वतः ते पान उभे करी. त्यासाठी प्रिंटरमध्ये बऱ्यापैकी संगणनशक्ती लागे आणि तो महाग पडे. किंमत उतरवण्यासाठी कंपन्यांनी ते काम संगणकाकडे ढकलले आणि प्रिंटरला केवळ तयार ठिपके उमटवण्यापुरता ठेवला. महाराष्ट्रातील झेरॉक्सच्या दुकानांत आणि वकिलांच्या टेबलांवर वर्षानुवर्षे दिसणारा कॅननचा एलबीपी २९०० हा याच घराण्यातला. एचपीचा लेसरजेट १०२० तर इतका परावलंबी, की तो चालू करताच त्याचा स्वतःचा प्रोग्रॅमही संगणकाने त्याला दर वेळी नव्याने पाठवावा लागतो. ही यंत्रे दणकट निघाली, पण ठिपके पाठवण्याची त्यांची रीत खास त्यांच्याच ड्रायव्हरला, म्हणजे कार्यप्रणाली आणि यंत्र यांच्यात दुभाष्याचे काम करणाऱ्या सॉफ्टवेअरला, ठाऊक असते. आणि हा दुभाष्या प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिलेला असल्यामुळे मॅक, लिनक्स आणि फोन यांची पंचाईत होते.

यातून निघालेली जुनी वाट म्हणजे विंडोजच्या संगणकाला यूएसबीने जोडलेला प्रिंटर त्या संगणकामार्फत इतरांना वाटणे. ती वाट २०२१ मध्ये खडबडीत झाली. विंडोजच्या छपाईव्यवस्थेतील ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेल्या त्रुटीतून दुसऱ्याच्या यंत्रात घुसता येत असल्याचे उघड झाल्यावर मायक्रोसॉफ्टने त्या वर्षी लागोपाठ दुरुस्त्या केल्या; नेटवर्कवरून ड्रायव्हर बसवण्यास व्यवस्थापकाची परवानगी आवश्यक झाली, आणि सप्टेंबरच्या अपडेटनंतर असंख्य छोट्या कार्यालयांतील सामाईक प्रिंटर ११बी या शेपटीचा त्रुटी-क्रमांक दाखवून थांबले. ती अपडेट काढून टाकणे हा तेव्हा सर्वत्र सांगितला गेलेला उपाय म्हणजे चोराच्या वाटेवरचे दार उघडे ठेवणे होते.

दुसरी वाट अधिक टिकाऊ ठरली. मायकल स्वीट यांनी १९९९ मध्ये प्रसिद्ध केलेली कप्स ही छपाईव्यवस्था युनिक्स-लिनक्ससाठी होती. ॲपलने ती मॅकमध्ये घेतली, २००७ मध्ये विकतही घेतली, आणि आजही मॅक व लिनक्स या दोहोंचे छपाईचे काम तिच्याच घराण्यातील सॉफ्टवेअर पाहते. तिचा पाया आयपीपी हा प्रोटोकॉल आहे, ज्यात छपाईची मागणी, कागदाचा आकार, शाईची स्थिती हे सगळे प्रिंटरशी थेट ठरलेल्या शब्दांत बोलता येते. २०१० मध्ये आयफोनसाठी आलेले एअरप्रिंट, २०१३ मध्ये कॅनन, एचपी, सॅमसंग आणि झेरॉक्स यांनी स्थापन केलेल्या मोप्रिया संघटनेची अँड्रॉइडवरील सोय आणि विंडोजमधील नवी छपाईव्यवस्था या सगळ्यांच्या मुळाशी आयपीपीच आहे. म्हणून आज नवा प्रिंटर घेणाऱ्याने खोक्यावर एअरप्रिंट किंवा मोप्रिया यांपैकी एखादे नाव आहे की नाही, हे मिनिटाला किती पाने छापतो यापेक्षा आधी पाहावे. ते असेल, तर ड्रायव्हरची सीडी, कार्यप्रणालीचे नाव आणि आवृत्ती यांची चौकशी करण्याची गरज सहसा उरत नाही. उलट इंटरनेटमार्फत छपाई करून देणाऱ्या सेवांवर विसंबण्याची किंमत गूगलच्या ‘क्लाउड प्रिंट’ने दाखवून दिली; ३१ डिसेंबर २०२० नंतर कंपनीने ती सेवा बंद केली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्यांना नवी सोय शोधावी लागली.

फोनवरून संगणकाकडे फाइल नेण्याच्या बाबतीतही अशीच उलथापालथ होऊन गेली आहे. २९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने बंदी घातलेल्या ५९ चिनी ॲपांत शेअरइट आणि झेंडर होती, तशीच संगणकावरील सामाईक फोल्डर अँड्रॉइडवरून उघडून देणारे ईएस फाइल एक्सप्लोररही होते. त्यांची जागा घेणारी, एसएमबी जाणणारी अन्य फाइल-ॲप उपलब्ध आहेत, आणि लोकलसेंड हे मुक्त स्रोत ॲप विंडोज, मॅक, लिनक्स, अँड्रॉइड आणि आयफोन या पाचांवरही घरच्या वायफायवरून, इंटरनेटविना फाइल पोहोचवते. वेळेच्या दृष्टीने पाहता, चार जीबीचा लग्नाचा व्हिडिओ सेकंदाला वीस मेगाबिट वेगाने बाहेर चढवायलाच जवळजवळ सत्तावीस मिनिटे लागतात आणि मग तो उतरवायचा वेळ वेगळा. घरातील गिगाबिट तारेवरून तेच काम एका मिनिटाच्या आत उरकू शकते.

हिंजवडीच्या कंपनीचा लॅपटॉप मात्र या सगळ्या व्यवस्थेबाहेरच राहण्याची शक्यता अधिक असते. त्यावरील व्हीपीएन, म्हणजे घरापासून कंपनीपर्यंत जाणारा सुरक्षित बोगदा, अनेकदा सगळीच वाहतूक आपल्याकडे वळवतो, आणि तो चालू असेपर्यंत त्या लॅपटॉपला शेजारच्या टेबलावरचा प्रिंटरही दिसत नाही. पेन ड्राइव्ह आणि सामाईक फोल्डर यांवर कंपनीचे निर्बंध असतात ते वेगळेच. ते ओलांडण्याच्या युक्त्या शोधण्यापेक्षा कंपनीच्या तांत्रिक विभागाकडे घरच्या प्रिंटरसाठी परवानगी मागणे केव्हाही बरे.

राहता राहिला तो जुना, दणकट आणि फक्त यूएसबीचाच प्रिंटर. मायक्रोसॉफ्टने २०२३ च्या सप्टेंबरमध्ये प्रिंटर कंपन्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांचे विंडोज अपडेटमार्फत होणारे वितरण टप्प्याटप्प्याने थांबवण्याची योजना जाहीर केली, आणि कप्सच्या पुढील प्रमुख आवृत्तीतही जुन्या धर्तीच्या ड्रायव्हरांना जागा नाही. आज बसवलेला ड्रायव्हर त्यामुळे उद्या लगेच बंद पडणार नसला, तरी नव्या संगणकावर तो मिळवणे उत्तरोत्तर अवघड होत जाईल. अशा घरांसाठी अडगळीत पडलेल्या संगणकावरील लिनक्स खरोखर उपयोगी पडते: प्रिंटर त्याला जोडावा, कप्स आणि अवाही चालू करावेत, प्रिंटर ‘सामाईक’ म्हणून नोंदवावा, म्हणजे मॅकला आणि आयफोनला तो एअरप्रिंटचा प्रिंटर म्हणून आपोआप दिसू लागतो, आणि विंडोजला त्याचा आयपीपी पत्ता द्यावा लागतो. दुभाष्या मग एकाच यंत्रावर सांभाळावा लागतो. लेसरजेट १०२० साठी लिनक्सवर तो फार पूर्वीपासून मिळतो. एलबीपी २९०० साठी कॅननचा अधिकृत लिनक्स ड्रायव्हर इंटेल धर्तीच्या प्रोसेसरांपुरता असल्यामुळे रास्पबेरी पायसारख्या छोट्या, कमी वीज खाणाऱ्या संगणकावर तो चालत नाही. तेथे ‘कॅप्टड्रायव्हर’ नावाचा स्वयंसेवकांनी लिहिलेला मुक्त ड्रायव्हर वापरता येतो, आणि तोही कंपनीची कागदपत्रे न मिळता, प्रिंटरशी चाललेला संवाद निरखून तयार झालेला आहे.